पुणे ते बेळगाव: वाटेतली घरं, वाटेतले कागद

गेल्या अंकात मी डिसेंबरातल्या सायकल प्रवासाबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २ ते ७ डिसेंबर या सहा दिवसांत मी आणि माझी एक मैत्रीण पुण्यातल्या खडकीहून सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी असं करत बेळगावला गेलो. निघालो ते पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्राच्या दारातून. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग लुळं पडलेले जवान तिथे राहतात. पोहोचलो ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरच्या फाटकाशी. माझे वडील, आण्णा, त्याच रेजिमेंटच्या जंगी पलटणीत हवालदार होते. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन, म्हणून पोहोचण्याचा दिवस तो धरला. महामार्गाने हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतं. आम्ही गावांत आत शिरत गेलो, त्यामुळे आमचं ४३० झालं. माझं वय ५७. नोकरीची अठ्ठावीस वर्षं विमा कार्यालयात लोकांचे कागद तपासण्यात गेली. हे शेवटचं वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सातारा ते कोल्हापूर सायकलने जायचं आहे. माझ्याकडे साधी सात गिअरची सायकल आहे, चालेल का? आणि सीटवर बसून दुखतं त्याला तुम्ही काय केलंत? (वाचक, सातारा)

सात गिअर भरपूर झाले. तुझ्या वाटेवर मोठा घाट नाही. आम्हाला कात्रज आणि खंबाटकी लागले. कात्रजला नव्या बोगद्याने न जाता जुन्या घाटाने चढलो. खंबाटकीत पुण्याहून जाणारी वाहतूक तेव्हा घाटातूनच वर जात होती, बोगदा येणाऱ्यांसाठी होता. त्यामुळे ट्रकच्या कडेकडेने चढावं लागलं. पाऊण तास लागला, दोनदा उतरून पाणी प्यायलो.

तुला खरी काळजी घ्यायची आहे ती दोन गोष्टींची. पहिली ऊस. नोव्हेंबर ते मार्च कराडपासून पुढे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. ड्रायव्हरने मोठ्याने गाणी लावलेली असतात, तुझी घंटी त्याला ऐकू जात नाही. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस खांद्याच्या उंचीवर असतो. त्याला ओलांडायला जाऊ नकोस, थांब, जाऊ दे. दुसरी गोष्ट म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा. त्या रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमक्या आपल्या जागेवर, पडलेल्या असतात. आमची पाचही पंक्चर त्यांनीच झाली. तार डोळ्यांना दिसत नाही. टायर आतून बोटाने चाचपायचा आणि चिमट्याने ओढून काढायची. ती न काढता नवी ट्यूब घातलीस तर दहा मिनिटांत पुन्हा बसशील.

सीटबद्दल. मऊ जाड सीट दूरच्या प्रवासाला वाईट. अस्तर लावलेली सायकलची चड्डी घाल, तिच्या आत दुसरं काही घालू नकोस, आणि दर पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभा राहून अंग वर घे.

या पंधरा मिनिटांबद्दल थोडं जास्त लिहिते. निघायच्या आधी मी खडकीच्या केंद्रात काही शनिवार जात होते. एका व्हीलचेअरवरच्या जवानाला मी हेच सांगितलं, की लांब बसून फार दुखतं, सारखं उठावं लागतं. तो दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून वर झाला, थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि खाली बसला. मग म्हणाला, “ताई, तुम्हाला दुखतं म्हणून तुम्ही हलता. आम्हाला दुखत नाही, म्हणून आम्हाला घड्याळ बघून हलावं लागतं.” कमरेखाली जाणीव नसली की एका जागी दाब बसतो, कातडी मरते आणि जखम होते. ती हाडापर्यंत जाऊ शकते, आणि माणसाला आधी कळतच नाही. म्हणून दिवसभर दर काही मिनिटांनी हातांवर उचलून घ्यायचं, रात्री कोणीतरी कुशीवर वळवायचं. वर्षानुवर्षं. हे केंद्र १९७४ पासून आहे. तिथली काही माणसं तरुणपणी आली आणि तिथेच म्हातारी झाली. त्या दिवसापासून सीटवर दुखायला लागलं की मला त्या हातांची आठवण येते, आणि मी वेळ बघून उठते.

प्रश्न: माझे मालक सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले, वय ३९. अठरा वर्षांत सियाचीन, काश्मीर सगळं झालं. घरी येऊन दोन वर्षं झाली. रात्री झोपत नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की शेतावर निघून जातात. कोणाशी बोलत नाहीत, कॅन्टीनची बाटली लवकर संपते. गावातले म्हणतात, बसून पेन्शन खातोय. तुमचा लेख वाचून वाटलं, त्यांना सायकलवर काढलं तर बरं वाटेल का? (वाचक, गडहिंग्लज तालुका)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. सायकलने मदत होऊ शकते. हा मनाचा आजार असला तर एकट्या सायकलने तो बरा होत नाही.

आण्णा १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. जंगी पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे, टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवला. आतल्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून पत्र गेलं, तर त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही गोष्ट आण्णा घरी येईल त्याला सांगायचे. आम्हा बहिणींना तोंडपाठ होती. पण त्यानंतरच्या रात्री, १० डिसेंबरच्या, त्या अडवलेल्या रस्त्यावर त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. रात्री ते दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. पहाटे चारला काळी अ‍ॅटलस सायकल काढून कुठेतरी जायचे आणि उजाडल्यावर परत यायचे, घामाने भिजलेले, पण त्यातल्या त्यात शांत. आई म्हणायची, विहिरीवर गेले असतील. ती सायकल त्यांचं औषध होती हे मला फार उशिरा, स्वतः सायकल चालवायला लागल्यावर कळलं. आणि ते औषध पुरत नव्हतं हेही तेव्हाच कळलं. त्यांना कधी कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. अशा गोष्टीला डॉक्टर असतो हेच आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून इतकं लिहिते आहे.

तुमच्याकडे ईसीएचएसचं कार्ड असेल. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि मनाचे आजार तिच्यात बसतात. जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन “झोप नाही, आवाजाने दचकतात, दारू वाढली आहे” एवढंच सांगा. तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. “वेड” हा शब्द कोणी काढला तर तिथेच थांबवा. युद्धातून, बर्फातून, चकमकींतून आलेल्या शरीराला धोका संपल्याचं कळत नाही, ते पहाऱ्यावरच राहतं. त्यावर उपचार आहेत. ते यायला तयार नसतील तर आधी तुम्ही एकट्या जा, किंवा १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानेही तो करावा.

दारू रोजची आणि जास्त असेल तर ती एकदम तोडायला लावू नका. त्यानेही जिवाला धोका होतो, डॉक्टरला विचारून कमी करा. घरात बारा बोअरची बंदूक असेल तर ती काही दिवस कायद्याने जिथे ठेवता येईल तिथे, घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था करा. जगण्याला अर्थ नाही, मी गेलेलाच बरा, असं त्यांच्या तोंडून आलं तर त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सायकल. “चला, तुम्हाला बरं वाटेल” असं म्हणून नेऊ नका. सैन्यातून आलेल्या माणसाला पेशंट होणं जमत नाही, काम दिलेलं जमतं. सातारा सोडल्यावर आम्ही अपशिंगे या फौजींच्या गावाकडे वळणार होतो. एक निवृत्त सुभेदार भेटले. कोणी सांगितलं होतं, ते फारसे बोलत नाहीत. मी म्हटलं, “साहेब, आम्हाला आतला रस्ता माहीत नाही, दाखवाल का?” ते आत गेले, जुनी सायकल काढली, हवा भरली आणि पुढे निघाले. आठ किलोमीटर एक शब्द नाही. मग कांद्याच्या भावावर बोलले, मग मुलाच्या भरतीवर. शेवटी कालव्यावर थांबून म्हणाले, “उद्या कुठनं जाणार?” दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते आमच्याआधी फाट्यावर उभे होते.

तुमच्या मुलाला सायकल शिकायची असेल तर ते काम त्यांना द्या. आणि गावातले काय म्हणतात त्याबद्दल: पेन्शन ही त्यांनी पंधरा वर्षांहून जास्त नोकरी करून मिळवली आहे. जवानाची निवृत्ती चाळिशीच्या आतबाहेर येते, कारण सैन्याला तरुण माणसं लागतात. ज्या वयात बाकीच्यांना बढती मिळते त्या वयात त्याला घरी पाठवतात. हे बोलणाऱ्याला तुम्ही नाही, सरपंचांनी सांगायला हवं. तुम्ही कळवलंत तर मी त्यांना पत्र लिहीन.

प्रश्न: आपल्या भावनेचा आदर आहे. पण सहा दिवस सायकल चालवून सैनिकांना काय मिळालं? तेवढे पैसे थेट पाठवले असते तर? (निवृत्त अभियंता, पुणे)

पैसे पाठवलेच. ओळखीच्या लोकांनी किलोमीटरला एक रुपया किंवा जमेल तसं दिलं. ते १,८६,००० रुपये झाले आणि ध्वज दिन निधीत चेकने जमा केले. शाळेत असताना कोट नसलेल्या आमच्या फ्रॉकवर गुरुजी लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा कागदी झेंडा टाचणीने लावायचे, तोच हा निधी. १९४९ पासून सुरू आहे. पेन्शन नसलेले, पासष्टी ओलांडलेले हवालदारापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना दरमहा मदत, मुलांचं शिक्षण, मुलींची लग्नं, खडकी आणि मोहालीच्या पॅराप्लेजिक केंद्रांना अनुदान, असा तो खर्च होतो. पुष्कळ लोक भारत के वीर या निधीत पैसे भरतात आणि समजतात की ते लष्कराकडे गेले. तो निधी सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय पोलीस दलांसाठी आहे. तोही मोलाचा आहे, पण वेगळा.

तुमचा प्रश्न मी निघण्याआधी स्वतःलाही विचारला होता. आता माझ्याकडे उत्तर आहे. मोटारीतून उतरलेल्या माणसाला लोक खुर्ची देतात आणि तो काय आणलाय याची वाट बघतात. सायकलवरून आलेल्या, धुळीने माखलेल्या दोन बायकांना आधी पाणी देतात, मग विचारतात, “कुठल्या तुम्ही? कुणाच्या?” मी म्हणायचे, जंगी पलटणीतल्या हवालदाराची मुलगी. मग जेवण व्हायचं. जेवणानंतर कोणीतरी आत जाऊन पत्र्याची पेटी आणायचं. लष्करी हिरवा रंग, वर पांढऱ्या अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव. पेटीत कागद. त्या पेट्या उघडल्या जाव्यात म्हणून सहा दिवस हवे होते. त्या पेट्यांत मी जे पाहिलं ते मनीऑर्डरने सुटणारं नव्हतं.

प्रश्न: तुम्ही मुरलीकांत पेटकरांना भेटलात का? ते आमच्या गावाकडचे आहेत. मी पाचवीत आहे. (वाचक, पेठ)

नाही रे, भेट झाली नाही. पण पेठ नाक्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा त्यांचाच विषय निघाला होता. तुला माहीत असेल, तरी सांगते, कारण मला सांगायला आवडतं. ते ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, जवान होते, सैन्यात बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्यात राहिली, पाय गेले. उपचार म्हणून पोहायला सांगितलं. पोहता पोहता ते १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहोचले आणि पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. विश्वविक्रमही होता. आणि पद्मश्री कधी मिळाली? २०१८ मध्ये. वजाबाकी कर आणि वर्गात बाईंना उत्तर सांग. मग त्यांना विचार, आपल्या गावात अजून कोणाकोणाचं असं विचारायचं राहिलं आहे.

प्रश्न: माझे आजोबा ऑगस्टमध्ये गेले. ते १९८४ ला निवृत्त झाले होते. आजीची पेन्शन अजून सुरू झालेली नाही. कागदावर आजीचं नाव वेगळं आहे म्हणतात. आजी ७९ वर्षांची, सही करता येत नाही. तुम्ही लेखात “कागद” म्हणालात ते हेच का? (वाचक, कराड तालुका)

हेच. अगदी हेच.

आमच्या आईचं असंच झालं. आण्णांच्या पलटणीच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव होतं, कारण भरती होताना आण्णांना लग्नात बदललेलं नाव सांगायचं सुचलं नाही. आधार कार्डावर सासरचं. आण्णा गेले आणि एका कार्यालयाने “ही बाई तीच कशावरून” असं विचारत चौदा महिने फाइल ठेवली. जन्मभर ज्याच्याबरोबर संसार केला त्याची बायको मी आहे, हे तिला पंच्याहत्तराव्या वर्षी पुराव्याने सांगावं लागलं. मला कागदांची सवय होती म्हणून सुटलं. ज्या घरात तशी मुलगी नाही तिथे काय होत असेल, हा विचार तेव्हा डोक्यात शिरला तो गेला नाही. सायकल काढली त्याच्या मुळाशी हेच आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आजोबांच्या पेटीत तीन गोष्टी शोधा: डिस्चार्ज बुक म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि दोघांचा एकत्र फोटो असलेला कोणताही सरकारी कागद. त्यांत आजीचं नाव जसं लिहिलं आहे तसं, काना-मात्रेसकट, एका कोऱ्या कागदावर उतरवा. शेजारी आधार आणि बँकेच्या पासबुकातलं नाव लिहा. कुठे कुठे फरक आहे ते समोर दिसलं की अर्धं काम झालं. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. आजोबांचा मृत्यूचा दाखला जोडा. आणि हे सगळं घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार कसा करायचा हे त्यांना माहीत असतं. एजंटला पैसे देऊ नका, या कामाला पैसे लागत नाहीत.

संरक्षण पेन्शनचा कारभार आता बहुतेक स्पर्श नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेला आहे. गावातल्या सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या, केंद्रावरही स्पर्शची कामं होतात. पेन्शन सुरू झाली की दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो चुकला की पेन्शन थांबते, आणि म्हातारी माणसं समजतात सरकारने बंद केली. मला वाटेत अशा दोन आज्या भेटल्या. एकीची आठ महिने बंद होती. तिने कोणाला विचारलंही नव्हतं. म्हणाली, “ते गेले, त्यांच्या मागनं पैसं बी गेलं असंल.” तिचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. जन्मभर शेण, माती, भांडी करून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. मोबाइलवर चेहऱ्यानेही हा दाखला देता येतो. अंगणात उजेडाला तिला बसवलं, पदर नीट केला, डोळे मिटू नको म्हटलं. तिसऱ्या वेळी झालं. त्याला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं आठ महिन्यांत कोणाकडे नव्हती.

आणखी एक. माजी सैनिकाच्या आणि सैनिकाच्या विधवेच्या एका घराची घरपट्टी आपल्या राज्यात माफ होते. पण सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा लागतो, आपोआप होत नाही. त्याच फेरीत तोही मागून घ्या.

आजीला बरोबर न्या, पण रांगेत उभं करू नका. तुम्ही उभं राहा.

प्रश्न: रस्त्यात, रेल्वेत गणवेशातला जवान किंवा माजी सैनिक दिसला तर आदर कसा दाखवावा? सलाम करावा का? (वाचक, नाशिक)

रेल्वेत तो बहुधा दोन रात्रींचा जागा असतो. बर्थ नसेल तर त्याला टेकायला जागा द्या.

गावातल्या माजी सैनिकाला १५ ऑगस्टला शाल देतात आणि १६ ऑगस्टला तो तलाठ्याच्या दारात तासभर उभा असतो. मला शालीचं वाईट वाटत नाही. आण्णांना मिळालेली शाल आईने अजून घडी करून ठेवली आहे. पण अपशिंग्याचं उदाहरण बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. गावाच्या नावातच “मिलिटरी” आहे, अपशिंगे मिलिटरी. तिथे पिढ्यान् पिढ्या घरातून एक जण तरी फौजेत असतो. तिथल्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांना मी हेच विचारलं, लोकांनी काय करावं असं वाटतं? त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, “नाव घ्यावं. आमच्यातल्या गेलेल्याचं नाव घ्यावं, आणि जिवंत आहे त्याला नावानं हाक मारावी. फौजी फौजी म्हणतात सगळे. मला नाव आहे.”

तेव्हा नाव विचारा.

प्रश्न: तुम्ही आमच्या गावापर्यंत आलात पण रेजिमेंटल सेंटरच्या आत गेल्याचं लेखात नाही. आणि वाटेत एका वहीत सगळं लिहून घेत होता म्हणालात, त्या वहीचं पुढे काय झालं? (वाचक, बेळगाव)

आत जायची परवानगी मागितली नव्हती. फाटकापर्यंत जायचं एवढंच ठरलं होतं. निपाणीनंतरचा तवंदी घाट चढून आलो तेव्हा पाय संपले होते. काकतीच्या पुढे वारा समोरून होता. कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाला गेलो, तिथल्या झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. आण्णा भरती झाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पहिल्यांदा घर सोडलेलं ते याच गावासाठी. पहिल्या महिन्यात इथून त्यांनी आजीला पाठवलेलं कार्ड आमच्याकडे आहे. त्यात एवढंच आहे की इथे पाऊस फार आहे आणि बूट मिळाले.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी सांगितलं, माझे वडील इथले. तो पोरगा विशीतला. त्याने मला आधी बसायला जागा दिली, मग विचारलं, “कुठली पलटण?” मी म्हटलं, “जंगी.” त्याने टाचा जुळवल्या. मी हात जोडले. याहून जास्त काही झालं नाही आणि मला ते पुरलं.

वहीत अकरा घरं आहेत. प्रत्येक घराचं एक पान. कोणाचं नाव चुकलंय, कोणाचा हयातीचा दाखला राहिलाय, कोणाच्या मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय, एका घरी फक्त आजोबांचं पदक कुठल्या लढाईचं ते हवंय. आतापर्यंत सहा पानांवर रेघ मारली. पदकाचं काम अजून चालू आहे, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला दोन पत्रं गेली आहेत. बाकीच्यांत ती आठ महिने पेन्शन थांबलेली आजी आहे. दाखला लागला, पण मागची थकबाकी यायची आहे. येत्या सोमवारी साताऱ्याला तिच्याबरोबर जायचं आहे. सकाळची साडेसातची एसटी धरायची. ती म्हणाली, तू सायकलवर ये, मी मागं बसते.